प्रेरणेचा शोध आणि पगारपत्रक

व्यवस्थापनाच्या शिबिरांतून, मनुष्यबळ विभागाच्या परिपत्रकांतून आणि रविवार पुरवण्यांतल्या करिअरविषयक सदरांतून एक सल्ला इतक्या वेळा दिला जातो की त्याला विरोध करणारा माणूस कोरडाच ठरावा. सल्ला असा: प्रत्येक कर्मचारी वेगळा असतो. कुणाला पैसा हवा असतो, कुणाला कौतुक, कुणाला स्थैर्य, कुणाला आव्हान, तर कुणाला आपण काही मोठ्या कामाचा भाग आहोत ही भावना. चांगला साहेब तो, जो समोरच्याला नेमके काय हवे ते ओळखतो आणि त्याला त्याप्रमाणे वागवतो. हा सल्ला आला कुठून तेही सांगायला हवे, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. माणूस मुळात कामचुकार असतो, त्याला धाक दाखवल्याशिवाय किंवा पैसे दाखवल्याशिवाय तो हलत नाही, अशी समजूत कारखानदारीत पिढ्यानपिढ्या चालत आली होती. डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० साली तिला ‘थिअरी एक्स’ असे नाव देऊन तिच्यावर हल्ला चढवला. सगळ्यांना एकाच काठीने हाकणाऱ्या मुकादमापेक्षा प्रत्येकाच्या मनाची विचारपूस करणारा साहेब बरा, हे कुणीही मान्य करील. मीही करतो. पण ‘बरा’ म्हणजे ‘बरोबर’ नव्हे, आणि या सल्ल्याच्या पुढच्या प्रवासाकडे पाहिले की तो नेमका कुणाच्या कामी येतो, हा प्रश्न विचारावाच लागतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कर्मचाऱ्याची प्रेरणा ओळखण्याचे कोणतेही भरवशाचे साधन साहेबाजवळ नाही. ज्या संशोधनाच्या जोरावर ते असल्याचे सांगितले जाते, ते संशोधन फार लेचेपेचे आहे. एवढेच असते तर एक निरुपद्रवी फॅशन म्हणून सोडून देता आले असते. पण मालकाने किंवा सरकारने ‘ओळखलेली’ प्रेरणा शेवटी पगारपत्रकात उतरते, आणि ती जवळजवळ नेहमी कर्मचाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उतरते. म्हणून साहेबाने लोकांच्या मनात डोकावण्याचा उद्योग सोडावा आणि जे त्याच्या हातात आहे, जे उघड आहे, जे लिहिता-मोजता येते, म्हणजे पगार, पाळी, रजा, बढतीचे निकष, तक्रारीची दाद, ते नीट करावे.

आधी पायाकडे पाहू. शिबिरात पहिल्या तासाला पडद्यावर जो त्रिकोण येतो, तळाशी अन्न-वस्त्र-निवारा आणि शिखरावर आत्मसिद्धी, तो अब्राहम मॅस्लो यांच्या नावावर खपतो. मॅस्लो यांचा मूळ लेख १९४३ सालचा. त्यात त्रिकोण नाही. तो नंतरच्या व्यवस्थापनवाल्यांनी काढला, कारण चित्र दाखवता येते आणि लेख वाचावा लागतो. त्या लेखाला कारखान्यातल्या किंवा कचेरीतल्या माणसांच्या पाहणीचा आधार नव्हता. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी निदान माणसांना विचारले. त्यांच्या १९५९ च्या पुस्तकाचा आधार म्हणजे पिट्सबर्ग परिसरातले सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस. कामावर फार बरे केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा वाटले, असे त्यांना विचारण्यात आले. बरे वाटले ते स्वतःच्या कर्तबगारीमुळे आणि वाईट वाटले ते कंपनीच्या धोरणामुळे, असे उत्तर आले, आणि त्यावरून पगार हा खरा प्रेरक नाही असा सिद्धांत उभा राहिला. यातली मेख व्हिक्टर व्रूम यांच्यासारख्या टीकाकारांनी लगेच दाखवून दिली होती: यशाचे श्रेय स्वतःला आणि अपयशाचे खापर दुसऱ्यावर, हा मनुष्यस्वभावच आहे. गंमत अशी की अभियंते आणि हिशेबनीस यांच्याबद्दलचा हा निष्कर्ष साठ-पासष्ट वर्षांनंतरही गोदामातल्या हमालापासून रुग्णालयातल्या आयापर्यंत सगळ्यांना लावला जातो, आणि तोही ‘प्रत्येक जण वेगळा असतो’ असे म्हणणाऱ्यांकडून.

सगळ्यात गाजलेला पुरावा हॉथॉर्नचा. शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोगांची मालिका चालली. त्यातला प्रसिद्ध भाग १९२७ साली सुरू झाला: टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच कामगार मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहा जणींना वेगळ्या खोलीत बसवले. मधल्या सुट्ट्या वाढवल्या, कमी केल्या, कामाचे तास बदलले, आणि काहीही केले तरी उत्पादन वाढतच गेले, अशी ती गोष्ट आहे. निष्कर्ष काय निघाला? मुलींना पैशापेक्षा लक्ष हवे होते, कुणीतरी आपली दखल घेते ही भावना हवी होती. एल्टन मेयो यांनी हा निष्कर्ष जगभर पोचवला आणि ‘मानवी संबंधां’ची सगळी शाखा त्यावर उभी राहिली. ॲलेक्स केरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९६७ साली या प्रयोगाचे मूळ अहवाल पुन्हा चाळले तेव्हा निघालेला ऐवज निराळा होता. एक तर या मुलींच्या मोबदल्याची पद्धतच बदलली होती. आधी त्यांची कमाई शंभराच्या आसपास कामगारांच्या एकत्रित उत्पादनावर ठरे, आता ती फक्त पाच जणींच्या उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे स्वतः जास्त काम केले तर त्याचे पैसे स्वतःच्या पाकिटात दिसू लागले. दुसरे म्हणजे, जानेवारी १९२८ मध्ये दोन मुलींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून खोलीतून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी दोन नव्या आणल्या. उत्पादन चढले ते त्यानंतर. आणि तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. दुसऱ्या एका गटाला वेगळी खोली, वेगळे लक्ष यातले काही न देता फक्त लहान गटाचा मोबदला लावून पाहिला, तर त्यांचे उत्पादन १२ टक्क्यांच्या वर वाढले. ती पद्धत काढून घेतल्यावर खाली आले. इतका सरळ हिशेब समोर असताना मुलींच्या भावविश्वाचा शोध लागला, याचे कारण विज्ञानात नसून सोयीत आहे. लक्ष देणे फुकट असते.

आता साहेब लोकांना ओळखतो की नाही, याची थेट परीक्षा. अमेरिकेत १९४६ साली कामगारांना दहा गोष्टी दिल्या आणि महत्त्वाप्रमाणे क्रम लावायला सांगितला. त्यांच्या पर्यवेक्षकांना विचारले, तुमची माणसे काय क्रम लावतील? पर्यवेक्षक म्हणाले, चांगला पगार पहिला. कामगारांनी पहिला क्रम केलेल्या कामाच्या कदरीला दिला होता आणि पगाराला पाचवा. केनेथ कोव्हाक यांनी हीच यादी चाळीस वर्षांनी पुन्हा फिरवली. कामगारांचा क्रम बदलला होता, साहेबांचा अंदाज मात्र जसाच्या तसा. चिप हीथ यांनी १९९९ साली या चुकीला नावच दिले: स्वतः आपण कामाच्या गोडीने काम करतो आणि बाकीचे पैशासाठी, असे माणसाला वाटते. एवढ्यावर थांबले तर सल्लागार म्हणतील, म्हणूनच तर आमचे शिबिर हवे, ओळखायला शिका. पण इथेच घोडे पेंड खाते. कर्मचाऱ्याने स्वतः लावलेला क्रमही तितकाच संशयास्पद आहे. सारा राइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की पगाराला किती महत्त्व देता असे विचारले तर माणसे ते कमी करून सांगतात, आणि प्रत्यक्ष वागण्यात पगार कितीतरी वर असतो. यात नवल काही नाही. ‘मी पैशासाठी काम करतो’ हे वाक्य साहेबासमोर उच्चारण्याची आपल्याकडे तर पद्धतच नाही; मुलाखतीत ते म्हणणारा उमेदवार पडलाच म्हणून समजा. म्हणजे साहेबाचा अंदाज चुकतो, आणि साहेबाने विचारले तर मिळणारे उत्तर साहेबाला रुचेल असेच मिळते. या दोन चुकांची बेरीज म्हणजे ‘एम्प्लॉई एंगेजमेंट सर्व्हे’.

साधन नसताना निदान करायचे म्हटले की माणूस हाताशी असेल त्या ठोकताळ्यावर जातो, आणि ठोकताळे तयारच असतात. बाईमाणसाला बढतीपेक्षा वेळेत घरी जाणे महत्त्वाचे. पन्नाशीच्या माणसाला नवे शिकायचे नसते. नव्या पिढीला पगारापेक्षा ‘अर्थपूर्ण’ काम हवे असते. शिपायाला ओव्हरटाइम मिळाला की तो खूश. गावाकडून आलेल्या पोराला कायम नोकरीशिवाय दुसरे काही सुचत नाही. यातले एकही वाक्य अपमान म्हणून उच्चारले जात नाही, उलट ते समजूतदारपणाने उच्चारले जाते, आणि म्हणूनच ते जास्त टिकते. बाईंना लवकर घरी जायचे असते म्हणून दुसऱ्या शहरातल्या प्रकल्पाची जबाबदारी त्यांना विचारलीच जात नाही. दोन वर्षांनी बढतीच्या वेळी ‘बाहेरच्या प्रकल्पाचा अनुभव नाही’ असा शेरा येतो. कुणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो. फक्त त्यांची प्रेरणा त्यांच्याऐवजी दुसऱ्याने ओळखलेली असते.

आणि यातले सर्वांत महागडे निदान म्हणजे ‘यांना कामाची आवड आहे’. ते कौतुक वाटते, पण त्याचे बिल कौतुक झालेल्याच्याच नावावर फाटते. जे युन किम, ॲरन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत लोकांना काल्पनिक कर्मचाऱ्यांची वर्णने देऊन विचारले होते, याच्याकडून विनामोबदला जादा काम करून घेणे, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना सोडून यायला लावणे, कामाशी संबंध नसलेले, अगदी स्वच्छतागृह साफ करण्यासारखे काम सांगणे कितपत रास्त आहे? कर्मचाऱ्याला कामाची ओढ आहे असे सांगितले असले की लोकांना हे सारे अधिक रास्त वाटत होते. त्याच प्रयोगांत उलटा प्रवासही दिसला: एखाद्याला वाईट वागवले जाते आहे एवढेच सांगितले तर ऐकणारे मनाशी धरून चालत की त्याला त्या कामाची आवड असणार. म्हणजे आवड दिसली की पिळवणूक माफ, आणि पिळवणूक दिसली की आवड गृहीत.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली ‘आशा’ ही योजना आली. हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई, तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणायचे, पगाराऐवजी कामागणिक मोबदला द्यायचा. ही सारी रचना एका निदानावर उभी आहे: ही बाई सेवाभावाने काम करते, गावात मिळणारा मान ही तिची कमाई, वरचे पैसे हे प्रोत्साहन. आता त्यातले एकच काम जवळून पाहू. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे जे काम आशा करते, त्याचे मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून हे काम उभे केले. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला, आणि २०११ साली ते देशभर आशांच्या यादीत आले. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, नाळ पाहायची, आई अंगावर नीट पाजते का ते पाहायचे, धोक्याची खूण दिसली तर दवाखान्यात पाठवायचे आणि सगळे फॉर्मवर भरायचे. सहा भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत. ज्या कामाने बाळांचे जीव वाचतात हे जगप्रसिद्ध नियतकालिकात सिद्ध झाले, त्याचा हा दर. हे काम कौशल्याचे आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. दर ठरला तो करणारी ‘कशासाठी’ करते या समजुतीवर.

त्या समजुतीची कसोटी कोविडच्या काळात लागली. घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजणाऱ्या आशांना केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये जादा मिळत. टाळ्या, थाळ्या, ‘कोविड योद्धा’ ही बिरुदे, कौतुकाची काही कमतरता नव्हती. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या आणि १,००० रुपयांची वाढ व ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पाडून परतल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. कदर हीच खरी प्रेरणा असती तर यापेक्षा मोठी कदर कोणती? तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच आशा पुन्हा संपावर होत्या. ७,००० रुपये वाढीचे आश्वासन मिळाले. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप झाला, ठाण्यात आणि मग मुंबईच्या आझाद मैदानावर बायकांनी मुक्काम ठोकला. मार्चमध्ये ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. या बायकांना गावाबद्दल आस्था नाही असे कुणी म्हणणार नाही. पण त्या मैदानात बसल्या होत्या त्या आस्थेचे प्रमाणपत्र मागायला नव्हे. त्यांना आकडा लिहिलेला कागद हवा होता. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच शिफारस केली होती की अशा योजनांतल्या स्त्रियांना कामगार माना आणि किमान वेतन द्या. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यांना मिळते त्याला मानधन म्हटले तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच, असे ठरवले. त्या निकालात न्यायालयाने त्या बायकांच्या मनात काय आहे ते शोधले नाही. त्या काय काम करतात ते पाहिले. व्यवस्थापकांनी शिकायचे असेल तर ते इथून शिकावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही मराठीच आहे, आणि तेही शिबिरांत हमखास सांगितले जाते: मुंबईचे डबेवाले. व्याख्याता सांगतो, ही मावळातली वारकरी माणसे, अन्न पोचवणे म्हणजे पुण्य अशी त्यांची श्रद्धा, म्हणून चूक होत नाही. मग ‘फोर्ब्स’ने दिलेल्या सिक्स सिग्मा प्रमाणपत्राची कथा येते. ते प्रमाणपत्र ‘फोर्ब्स’ने कधी दिलेच नव्हते, १९९८ साली त्या मासिकात डबेवाल्यांच्या अचूकतेवर लेख आला होता, एवढेच. पण ते जाऊ दे. श्रद्धा खरी आहे हेही मान्य करू. व्याख्यात्याने गाळलेला भाग असा, की डबेवाला कुणाचा नोकर नसतो. साधारण पंधरा ते पंचवीस जणांचा गट, त्याचा मुकादम त्यांच्यातलाच. महिन्याची जमा, रेल्वेचा पास, सायकलची दुरुस्ती आणि बाकी खर्च वजा करून उरलेले पैसे जवळजवळ सारखे वाटून घेतले जातात. नव्या माणसाला उमेदवारी करून, पैसे भरून वाटा विकत घ्यावा लागतो. डोक्यावर टोपी नसली, दारू पिऊन आला, तर दंड ठरलेला, आणि तो मुकादमाच्या मर्जीवर नसतो. माणसे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी अशा ठराविक तालुक्यांतली, म्हणजे नाव खराब झाले तर ते गावापर्यंत पोचते. एक डबा चुकला तर गिऱ्हाईक जाते आणि ते सगळ्यांच्या वाट्यातून जाते. इतकी घट्ट, लिहिल्यासारखी रचना असताना यशाचे कारण विठ्ठलभक्ती म्हणून सांगायचे, आणि मग तीच भक्ती कंत्राटी डिलिव्हरी बॉयकडून अपेक्षायची, ज्याला वाटा नाही, दंडाचा निकष माहीत नाही आणि ॲप बंद का झाले हे विचारायला माणूस नाही. श्रद्धेची नक्कल करता येत नाही. वाट्याची येते, पण तो द्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: माणसे खरोखरच वेगळी नसतात का? असतात. एकीला रात्रपाळी चालते कारण दिवसा तिला बी.एड. करायचे आहे, दुसऱ्याला ओव्हरटाइम हवा कारण घराचा हप्ता आहे, तिसऱ्याला तो नको कारण आई अंथरुणाला खिळली आहे. पण हे फरक परिस्थितीचे आहेत आणि परिस्थिती बदलते. मुलगी दहावीला असताना जी बाई बदली नाकारते तीच तीन वर्षांनी बदली मागते. तिच्या फाइलीत ‘स्थैर्यप्रिय’ असा शिक्का मारून ठेवला असेल तर तिला ती मिळणार नाही. वेगळेपणाचा मान राखायचा तर निवड त्या माणसाच्या हातात द्यावी: जादा कामाची यादी भिंतीवर लावा, ज्याला हवे त्याने नाव घालावे, पाळ्या आपापसांत बदलू द्या, बढतीची जागा सगळ्यांना कळवा. माणूस काय निवडतो ते दिसेल. तो ते का निवडतो ही त्याची खासगी बाब आहे, ती नोकरीच्या करारात विकली गेलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पैसा आला की आतली ओढ मरते, असे प्रयोग आहेत. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली दाखवले की ज्या कोड्यात विद्यार्थी आपणहून रमत होते, ते सोडवण्याचे पैसे मिळू लागल्यावर त्यांचा रस घटला. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांचा २००० सालचा हा निबंध सगळीकडे उद्धृत होतो. हे प्रयोग मला मान्य आहेत. पण ते काय सांगतात ते नीट वाचायला हवे. ते प्रत्येक कृतीला चिकटवलेल्या किरकोळ दराबद्दल बोलतात. याच दोघांचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध आहे, त्याचा आशय असा की द्यायचे तर पुरेसे द्या, नाहीतर देऊच नका. अगदी थोडे पैसे दिलेल्यांनी काहीच न मिळालेल्यांपेक्षा वाईट काम केले. म्हणजे आतली ओढ जपायची असेल तर भेटीला ४२ रुपये ही सर्वांत वाईट पद्धत ठरते आणि पोटापुरते, ठरलेले, वेळेवर येणारे वेतन ही सर्वांत चांगली. ‘पैसा प्रेरणा मारतो’ या वाक्यावरून ‘म्हणून पगार वाढवू नका’ असा निष्कर्ष या संशोधकांनी काढलेला नाही. तो बजेटच्या बैठकीत काढला जातो.

तिसरा आक्षेप मधल्या फळीतल्या साहेबाचा असतो, आणि त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पगार माझ्या हातात नाही, तो म्हणतो. माझ्या हातात आहे ती फक्त माणसे सांभाळणे. पण त्याच्या हातात जे असते ते तो कमी लेखतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कामावर कोण येणार, हे ठरवणारा कागद त्याच्याच टेबलावर असतो. दरवर्षी तेच ते दोघे येतात: एक अविवाहित, ‘त्याला काय घरी कुणी वाट बघणारे नाही’, आणि एक मुसलमान, ‘त्यांची दिवाळी नसतेच’. दोघांनाही कुणी विचारलेले नसते आणि ईदच्या रजेची बेरीज-वजाबाकी कुणी केलेली नसते. हा कागद पाळीपाळीने फिरवायला कंपनीच्या संचालक मंडळाची परवानगी लागत नाही. रजा नाकारली तर कारण लेखी देणे, अप्रेझलचा शेरा वर पाठवण्याआधी त्या माणसाला दाखवणे, कंत्राटी आणि कायम कामगारांना एकाच कँटीनमध्ये एकाच दराने जेवण मिळते का ते पाहणे, यालाही फारसा खर्च नाही. यासाठी कुणाच्या मनाचा ठाव घ्यावा लागत नाही. फक्त स्वतःची मर्जी थोडी आवरावी लागते, आणि खरी अडचण तीच आहे.

मर्जीचा हा मोह किती जुना आहे, त्याचा दाखला फोर्डच्या कारखान्यात आहे. १९१३ साली तिथे माणसे इतकी सोडून जात की वर्षाची गळती ३७० टक्के होती. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि रोज २.३४ डॉलरवरून ५ डॉलरवर नेला. हजारो कामगारांपैकी प्रत्येक जण का सोडून जातो हे ओळखायची गरज पडली नाही. गळती त्या वर्षी ५४ टक्क्यांवर आली, पुढच्या वर्षी १६ वर. इथेच थांबले असते तर बरे होते. पण पाच डॉलरमधला अर्ध्याहून थोडा जास्त भाग ‘नफ्यातला वाटा’ होता, आणि तो पात्र माणसालाच मिळे. पात्रता ठरवायला समाजशास्त्रीय विभाग निघाला. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन पाहत, घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, बचत करतो का, भाडेकरू ठेवले आहेत का. कामगाराच्या आत शिरून त्याला ओळखण्याचा हा प्रयत्न फार मनापासून होता, आणि तो काही वर्षांतच गुंडाळावा लागला. आठ तासांचा दिवस मात्र टिकला.

म्हणून नोकरी करणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कामाची प्रेरणा कशातून मिळते?’ असा रकाना असेल तर तो रिकामा सोडा. त्या जागी विचारा: माझ्या पदाची वेतनश्रेणी काय, बढतीचे निकष कोणते, आणि मागच्या वर्षी ते कुणाला कसे लावले? उत्तर लेखी मागा.